शस्त्रवैद्याचा हात

आपल्या घरांतील एखाद्या माणसास शस्त्रक्रिया करावी लागेल असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे आपण त्यांस नानाप्रकारचे प्रश्न विचारतों. खर्च किती येईल, रुग्णालयांत किती दिवस राहावें लागेल, धोका कितपत आहे, हें सर्व विचारून होतें. परंतु एक प्रश्न सहसा कोणाच्या ओंठांवर येत नाहीं. आणि आला तरी तो संकोचानें गिळला जातो. ज्या हातांत शस्त्र असणार, तो हात हें काम कोठें शिकला, कोणाच्या देहावर शिकला, आणि तो शिकला असें ठरविलें कोणीं? भिंतीवर लाविलेलें पदवीपत्र हें या प्रश्नाचें उत्तर होय, असें आपण धरून चालतों. तें उत्तर कितपत पुरेसें आहे, याचा इतिहासाच्या दृष्टीनें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शस्त्रविद्येची अडचण इतर विद्यांहून निराळी आहे. गणितांत चुकलेला विद्यार्थी पाटी पुसून पुन्हां आरंभ करितो. सुताराच्या हाताखालच्या पोरानें फळी वांकडी कापली, तर धन्याची फळी वायां जाते व पोरास दोन शब्द ऐकावे लागतात. शस्त्रवैद्याच्या शागीर्दापुढें मात्र फळी नसून माणूस असतो. चुकल्यावांचून हात तयार होत नाहीं, आणि हात चुकला तर त्याचें फळ दुसऱ्यास भोगावें लागतें. तेव्हां ही पहिली चूक कोणीं सोसावी, आणि आतां हा हात विश्वासास पात्र झाला असा निर्वाळा कोणीं व कशावरून द्यावा, असे दोन प्रश्न उत्पन्न होतात. शस्त्रवैद्यकाच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास होय. पहिल्याचें उत्तर फार पूर्वीं मिळालें होतें. दुसऱ्याचें उत्तर गेल्या पन्नास वर्षांतच नीटपणें मिळूं लागलें, असें आम्हांस वाटतें.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं दूर जावयास नको. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत 'योग्यासूत्रीय' नांवाचा नववा अध्याय आहे. योग्या म्हणजे शस्त्रकर्माचा सराव. गवई ज्यास रियाज म्हणतो तोच. शास्त्र कितीही वाचलेलें असो, योग्या न केलेला शिष्य कर्मास अपात्र, अशी तेथें आरंभींच समज दिलेली आहे. आणि मग कोणतें कर्म कशावर शिकावें याची यादी येते. कापणें शिकावयाचें तें कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर. भेदन शिकावयाचें तें पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडणें शिकावयाचें तें ताणून बसविलेल्या केंसाळ चामड्यावर. शिरेचा वेध मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. व्रणाचा मार्ग शोधणें किडीनें पोंखरलेल्या लांकडावर व वेळूवर. आंत रुतलेला पदार्थ ओढून काढणें फणस, तोंडलें व बेलफळ यांच्या गरावर आणि मेलेल्या जनावरांच्या दांतांवर. टांके घालावयाचे ते वस्त्राच्या व मऊ कातड्याच्या कडांवर. आणि पट्ट्या बांधावयाच्या त्या माणसाच्या आकाराच्या बाहुल्याच्या अवयवांवर.

ही यादी वरवर वाचली तर मौज वाटते. बारकाईनें वाचली म्हणजे ती करणारा मुरलेला शिक्षक होता हें ध्यानांत येतें. एकच भोपळा त्यानें सर्व कर्मांस लाविलेला नाहीं. चिखलानें भरलेल्या पिशवीची भिंत भेदली जातांच शस्त्रापुढील अडथळा एकाएकीं नाहींसा होतो, आणि त्याच क्षणीं हात आवरला पाहिजे. गळूं फोडणाऱ्यास नेमकें हेंच शिकावें लागतें. ज्या कर्मांत हातास जी अडचण येणार, ती अडचण एखाद्या निर्जीव वस्तूंत हुडकून काढावयाची आणि पहिल्या चुका तिच्यावर करावयाच्या, असें हें तत्त्व आहे. याच ग्रंथाच्या शारीरस्थानांत प्रेत गवतानें वेढून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या पाण्यांत सात रात्रीं ठेवावें व मग हळूहळू घांसून त्वचेपासून आंतील सर्व अवयव डोळ्यांनीं पाहावे, असें सांगितलें आहे. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, या दोघांनाही तेथें एकाच पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. शास्त्र शिकून, कर्म पाहून व योग्या करून झाल्यावर राजाची अनुज्ञा घेऊन मगच व्यवसायांत शिरावें, असाही दंडक घातलेला आहे. ही अनुज्ञा देण्यापूर्वीं शिष्याचा हात कोणीं व कसा पारखावा, हें मात्र तेथें सांगितलेलें नाहीं. पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें सविस्तर आहे. दुसरा प्रश्न एका शब्दांत आटोपला आहे.

पूर्वजांची ही थोरवी गाऊन येथेंच थांबणाऱ्या लेखांची आपल्याकडे वाण नाहीं; आम्हांस तसें करणें इष्ट वाटत नाहीं. ग्रंथ पाठांतरांत राहिला आणि शस्त्र हळूहळू वैद्याच्या हातून सुटून ग्रंथ न वाचणाऱ्यांच्या हातीं गेलें, हेंही तितकेंच खरें आहे. पक्ष्याचे दोन पंख दोन निरनिराळ्या घरांत जाऊन पडले. याची साक्ष खुद्द पुण्याजवळ घडलेल्या एका गोष्टींत मिळते. इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. कावसजी नांवाचा एक गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर असतां टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला व त्यांनीं त्याचें नाक आणि एक हात तोडला. पुढें पुण्याजवळच्या एका कुंभार जातीच्या गृहस्थानें मेणाचा नमुना करून, त्या मापानें कपाळाची कातडी सोडवून, ती खालीं वळवून त्याला नवें नाक बसवून दिलें. आणि मुंबई इलाख्यांतील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनीं तें समक्ष पाहिलें. त्या लेखांत गाडीवानाचें नांव आहे. शस्त्र चालविणाऱ्याचें नाहीं.

पुढची हकीगत अधिक विचार करण्यासारखी आहे. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यानें तें वाचून प्रथम प्रेतांवर ती क्रिया पुनःपुन्हां करून पाहिली, १८१४ सालीं जिवंत रुग्णावर केली, आणि १८१६ सालीं तिचें पुस्तक छापलें. एका घराण्यांत हातोहात चालत आलेली कला पुस्तकांत शिरतांच सर्व युरोपची झाली. पुण्याजवळच्या त्या कारागिराचें कौशल्य कमी नव्हतें. परंतु तें बाहेरच्या कोणास शिकतां येण्याजोगें किंवा पारखतां येण्याजोगें नव्हतें. घराणें बुडालें कीं अशी विद्याही बुडते.

इतकें वाचून युरोपांतील स्थिति पूर्वींपासून उत्तम होती असें मात्र कोणीं समजूं नये. तेथेंही शस्त्र न्हाव्यांच्याच हातीं होतें. १५४० सालीं इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानें लंडनच्या न्हावी व शस्त्रवैद्य यांचा एक संघ केला व त्यास फांशी गेलेल्या गुन्हेगारांचीं चार प्रेतें दरसाल देऊं केलीं. शागीर्दानें कित्येक वर्षें उस्तादाच्या घरीं राबावें आणि पाहून पाहून शिकावें, अशी रीत होती. पुढें शरीररचनेच्या शाळा वाढल्या, तशी प्रेतांची मागणी वाढली आणि तिच्याबरोबर प्रेतचोरीही वाढली. १८२८ सालीं एडिंबरो येथें बर्क आणि हेअर या दोघांनीं डॉक्टर नॉक्स यांच्या शाळेस प्रेतें विकण्यासाठीं सोळा माणसें मारल्याचें उघडकीस आलें, तेव्हां सारा देश हादरला. १८३२ च्या कायद्यानें बेवारशी प्रेतें शाळांना मिळूं लागलीं व हा प्रकार थांबला. परंतु बेवारशी म्हणजे कोण? अनाथगृहांत व धर्मार्थ रुग्णालयांत मेलेला, ज्याच्या मागें कोणी नाहीं असा दरिद्री मनुष्य. शिकाऊ हाताचें ओझें अशा रीतीनें कायद्यानेंच गरिबाच्या अंगावर टाकलें, आणि तें पुढें फार काळ तेथेंच राहिलें.

आपल्याकडे कलकत्त्याचें मेडिकल कॉलेज १८३५ सालीं निघालें आणि पुढच्याच वर्षीं पंडित मधुसूदन गुप्त यांनीं तेथें प्रेतच्छेदन केलें. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें. १८५१ सालीं तेथून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडींत भाऊ दाजी होते. मधुसूदन गुप्तांची गोष्ट आपण रूढीवरील विजय म्हणून सांगतों, आणि तें योग्यच आहे. परंतु तिचा दुसराही एक अर्थ आहे: ग्रंथ वाचणारा पंडित आणि शस्त्र धरणारा हात हे पुष्कळ शतकांनंतर एका देहांत पुन्हां एकत्र आले.

तथापि प्रेतापासून रचना कळते, शस्त्रक्रिया येत नाहीं. प्रेताचें रक्त वाहत नाहीं आणि प्रेत दगावत नाहीं. १८४६ पर्यंत तर सावकाश शिकविण्यास अवकाशच नव्हता. रोगी शुद्धीवर असून चार माणसांनीं त्यास दाबून धरलेलें, अशा वेळीं जो सर्वांत चपळ तोच उत्तम शस्त्रवैद्य. त्या सालच्या ऑक्टोबरांत बोस्टन येथें ईथरच्या गुंगींत शस्त्रक्रिया झाली, १८६७ पासून लिस्टरनें जखमा निर्जंतुक ठेवण्याचा मार्ग दाखविला, आणि शस्त्रवैद्यास प्रथमच वेळ मिळाला. वेळ मिळाला म्हणजे शागीर्दाच्या हातीं शस्त्र देऊन शेजारीं उभें राहतां येतें. या संधीचा पद्धतशीर उपयोग अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत विल्यम हाल्स्टेड यानें केला. जर्मन गुरूंची पद्धति पाहून त्यानें १८८९ नंतर अशी शिडी उभारली कीं, विद्यार्थ्यानें रुग्णालयांतच राहावें, वर्षानुवर्षें राहावें, आणि पायरीपायरीनें त्याच्यावरील जबाबदारी वाढत जावी. आजचे निवासी डॉक्टर हे सर्व या शिडीचेच वारस होत.

या पद्धतीनें जगास थोर शस्त्रवैद्य दिले, हें निर्विवाद आहे. परंतु तिच्यांत दोन वैगुण्यें राहून गेलीं. पहिली चूक भोपळ्यावर न होतां धर्मार्थ कक्षांतील रुग्णावर होऊं लागली. आणि शिकून झालें याचें माप हात न राहतां वर्षें झालीं. पांच वर्षें काढलीं म्हणजे शिकला असें धरावयाचें. मध्यंतरीं गुरुजींचें मत काय तें खरें. बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन याला हें पटेना. प्रत्येक रोग्याचा वर्षभरानें शोध घ्यावा, शस्त्रक्रियेचा अखेर गुण आला कीं नाहीं तें लिहावें, आला नसल्यास दोष कोणाचा तेंही लिहावें, आणि बढती ज्येष्ठतेनें न देतां या हिशेबावर द्यावी, असें तो म्हणूं लागला. १९१४ सालीं त्यानें आपल्या मोठ्या रुग्णालयाचा राजीनामा दिला. स्वतःच्या लहानशा रुग्णालयांतील १९११ ते १९१६ या काळांतील ३३७ रुग्णांचा हिशेब त्यानें छापून काढला व त्यांत १२३ चुका आपल्या आपणच नोंदविल्या. स्वतःच्या चुका मोजून जाहीर करणारा मनुष्य व्यवसायबंधूंस प्रिय होत नाहीं. कॉडमनही झाला नाहीं.

दुसऱ्या प्रश्नास खरी चालना १९७५ सालीं मिळाली. तोंपर्यंत वैद्यकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेंत विद्यार्थ्याच्या वांट्यास एक रोगी व एक-दोन परीक्षक येत. रोगी बोलका निघाला, परीक्षक प्रसन्न असले, तर विद्यार्थी तरला. ही दैवाची परीक्षा आहे हें ओळखून स्कॉटलंडांतील डंडी येथील रोनाल्ड हार्डन व त्यांचे सहकारी यांनीं एक नवी रीत काढली. परीक्षेचीं अनेक ठाणीं मांडावयाचीं. प्रत्येक ठाण्यावर एक ठराविक काम. घंटा वाजली कीं पुढच्या ठाण्यावर जावयाचें. सर्वांस तेंच काम, तोच वेळ, आणि गुण देण्याची तीच आधीं ठरलेली यादी. पुढें १९९७ च्या सुमारास टोरोंटो येथील रिचर्ड रेझ्निक आदि मंडळींनीं हीच रीत खास शस्त्रकर्मास लाविली. प्रत्येक ठाण्यावर एक कृत्रिम नमुना. त्यावर विद्यार्थी टांके घालतो, आंतडें जोडतो, आणि शेजारीं अनुभवी शस्त्रवैद्य केवळ पाहत उभा राहतो. त्यानें दोन प्रकारें गुण द्यावयाचे. एका यादींत प्रत्येक पायरी झाली कीं नाहीं त्याची खूण. दुसरींत समग्र मत: मांसपेशी हलक्या हातानें हाताळल्या काय, हालचाल नेमकी होती कीं वायफळ, हत्यार हातांत शोभत होतें काय, पुढची पायरी मनांत तयार होती काय.

यांतून निघालेला निष्कर्ष मनोरंजक आहे. पायऱ्यांच्या यादीपेक्षां जाणत्या डोळ्याचें समग्र मतच नवखा व मुरलेला यांतील भेद अधिक चांगला दाखवितें, असें आढळलें. गायनाच्या बैठकींत मात्रा चुकली नाहीं, सूर ढळला नाहीं, तरी गाणें झालें असें होत नाहीं, हें आपण जाणतोंच. मात्र जाणत्याचा हा डोळा लहरीवर सोडून चालत नाहीं. काय पाहावयाचें हें आधीं ठरलेलें हवें, पाहणारे एकाहून अधिक हवेत, आणि पाहण्याची वेळही एकाहून अधिक हवी. जुन्या उस्तादाची नजर आणि नव्या परीक्षेची शिस्त यांचा हा संगम आहे.

या सर्व खटाटोपाची गरज खरोखरच होती काय, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें उत्तर त्याच सुमाराच्या एका घटनेंत आहे. १९८५ ते १९८७ या काळांत जर्मनी व फ्रान्स येथें पोटास लहान छिद्रें पाडून, आंत दुर्बीण घालून पित्ताशय काढण्याची क्रिया सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत ती जगभर पसरली. पदवीधर, अनुभवी, नामांकित शस्त्रवैद्य दोन-तीन दिवसांच्या वर्गांस बसून ती शिकले व परत येऊन करूं लागले. पण पडद्यावर पाहून लांब दांड्याचीं हत्यारें उलट्या दिशेनें हलविणें हें जुन्या हातास सर्वस्वीं नवें होतें. अमेरिकेंतील ५५ शस्त्रवैद्यांच्या ८,८३९ शस्त्रक्रियांचा हिशेब १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. पित्तनलिकेस ज्या इजा झाल्या होत्या, त्यांपैकीं शेंकडा ९० इजा त्या त्या शस्त्रवैद्याच्या पहिल्या तीस शस्त्रक्रियांत झालेल्या होत्या. पहिल्या रोग्यास इजेचा संभव शेंकडा १.७, तर पन्नासाव्यास शेंकडा ०.१७, असें त्या हिशेबावरून अनुमान निघालें. पहिला आणि पन्नासावा हे दोघेही रोगी सारख्याच विश्वासानें मेजावर आडवे झाले असतील, हें मनांत आणून हे आंकडे वाचावे.

यावर उपाय काय, हें २००२ सालीं येल विद्यापीठांत झालेल्या प्रयोगानें दाखविलें. सोळा निवासी डॉक्टरांचे दोन गट केले. एका गटास संगणकाच्या यंत्रावर सराव दिला. परंतु इतके तास करा असें न सांगतां, तज्ज्ञांच्या हाताचें जें माप यंत्रानें घेतलें होतें, तेथवर पोंचेपर्यंत करा, असें सांगितलें. मग दोन्ही गटांनीं प्रत्यक्ष रोग्यावर पित्ताशय सोडविण्याचें काम केलें. सराव न केलेल्यांच्या चुका केलेल्यांच्या सहापट भरल्या. येथें आमच्या दोन प्रश्नांचीं उत्तरें प्रथमच हातांत हात घालून आलीं: पहिली चूक निर्जीवावर, आणि सराव किती याचें माप काळ नसून कसब.

सराव कसा वांटून द्यावा, याचाही शोध झाला. २००६ सालीं टोरोंटोच्याच मंडळींनीं ३८ निवासी डॉक्टरांस अत्यंत बारीक रक्तवाहिनी जोडण्याचें चार पाठांचें शिक्षण दिलें. अर्ध्यांस चारही पाठ एकाच दिवशीं, अर्ध्यांस आठवड्यास एक. महिन्यानंतर परीक्षा घेतली तेव्हां आठवड्यास एक पाठ घेणारे सरस ठरले. एका रात्रींत राग गळ्यावर चढत नाहीं, हें सांगावयास आपल्याकडील कोणताही गवई पुरे होता. पण वैद्यकाचे वर्ग अजूनही पुष्कळदां एका दिवसांत उरकले जातात. पुढें २०१३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करणाऱ्या वीस शस्त्रवैद्यांनीं आपल्या एकेका शस्त्रक्रियेचें चलच्चित्र स्वतः निवडून दिलें. कर्त्याचें नांव न कळतां निदान दहा समव्यवसायी लोकांनीं तें पाहून हाताच्या कौशल्यास गुण दिले. सर्वांत खालच्या चतुर्थांशाच्या रुग्णांत शेंकडा १४.५ जणांस, तर सर्वांत वरच्या चतुर्थांशाच्या रुग्णांत शेंकडा ५.२ जणांस उपद्रव झाल्याचें आढळलें. हे वीसही जण पदवीधर होते. वर्षें सर्वांनींच काढलीं होतीं. पदवीपत्रांत जो भेद दिसत नव्हता, तो हात पाहतांच दिसला.

कोणी म्हणेल, भोपळा तो भोपळा आणि माणूस तो माणूस. यंत्रावर निष्णात झालेला खऱ्या रक्तापुढें गांगरणार नाहीं कशावरून? आक्षेप रास्त आहे. निर्जीव वस्तु धीर शिकवीत नाहीं, संकटांतील निर्णय शिकवीत नाहीं, रोग्याच्या नातेवाइकांशीं बोलावयासही शिकवीत नाहीं. त्यासाठीं गुरूचा शेजार आणि हाल्स्टेडची शिडी हवीच. पण शिडीची पहिली पायरी माणसाच्या देहावर ठेवण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं. आणि खर्चाचें निमित्तही टिकणारें नाहीं. महागडीं यंत्रें नसलीं तरी पुठ्ठ्याच्या खोक्यांत फोनचा कॅमेरा बसवून दुर्बिणीचा सराव होतो, आणि केळ्याच्या सालीवर व कोंबडीच्या तंगडीवर टांके शिकतां येतात. सुश्रुताचा भोपळा आजही स्वस्तच आहे. महाग आहे तो शेजारीं उभें राहून पाहणाऱ्या शिक्षकाचा वेळ.

आमच्या शेजारच्या एका मुलाचा तळहात कांचेनें कापला, तेव्हां त्यास घेऊन आम्ही रात्रीं एका रुग्णालयांत गेलों होतों. टांके घालावयास एक अननुभवी तरुण आला. त्याचा हात कांपत होता. सुई दोनदां निसटली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मुलगा रडत होता, आणि त्या तरुणाचें तोंडही रडवेलेंच झालें होतें. त्याच्या मागें कोणीही उभें नव्हतें. जखम पुढें बरी झाली. परंतु तेथून परततांना राग कोणावर करावा हें आम्हांस कळेना. तो तरुण दोषी नव्हता. ज्या परीक्षांतून तो वर आला होता, त्यांतील एकीनेंही बहुधा त्याचा हात पाहिला नव्हता.

आपल्या देशांत २०१९ पासून वैद्यकीय पदवीचा नवा अभ्यासक्रम लागू झाला आहे. कोणतीं कौशल्यें विद्यार्थ्यास स्वतः करतां आलीं पाहिजेत हें त्यांत सांगितलें आहे, सरावाची प्रयोगशाळा आवश्यक केली आहे, आणि प्रत्येक कौशल्याची नोंद वहींत व्हावी असा नियम आहे. नियम उत्तम आहे. परंतु सत्र संपतांना वहीवर घाऊक सह्या घेतल्या जातात, असें सांगणारे विद्यार्थी आम्हांस भेटले आहेत. अशी सही म्हणजे राजाची अनुज्ञाच. हात न पाहतां दिलेली. शिवाय पदवीनंतर शस्त्रवैद्यकाच्या पुढील शिक्षणास प्रवेश मिळतो तो चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेवर. म्हणून उमेदवारीचें जें एक वर्ष रुग्णाच्या खाटेपाशीं जावयाचें, तें पुष्कळांचें पुस्तकापाशीं जातें. यांत आपण पालकही निर्दोष नाहीं. मुलास किंवा मुलीस किती गुण मिळाले, कितवा क्रमांक आला, हें आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांस हौसेनें सांगतों. आज टांके घालतांना तुझ्या शेजारीं कोण उभें होतें, आणि तें काय म्हणालें, हें आपण घरीं कधीं विचारतों काय?

सुधारणेस फार मोठी योजना लागते असें आम्हांस वाटत नाहीं. सराव थोडा थोडा, वरचेवर आणि ठरलेलें कसब येईपर्यंत व्हावा. हाताची परीक्षा निदान दोन जाणत्या डोळ्यांनीं, अनेक वेळां, ठरलेल्या मापानें व्हावी. आणि जो शिक्षक शेजारीं उभा राहतो, त्याच्या त्या वेळाची किंमत संस्थांनीं त्याच्या बढतींत धरावी. एवढें झालें तर पक्ष्यास त्याचा दुसरा पंख परत मिळेल. आणि ज्यास आज बोलण्याचें धैर्य नाहीं, तो गरीब रोगीही एखादे दिवशीं मेजावर आडवा होण्यापूर्वीं निःसंकोचपणें विचारूं शकेल कीं, डॉक्टर, आपला हात कोणीं पाहिला आहे?